कानबाई फाटकाबाहेर

खानदेशात माणसाची ओळख पटवायला कागद लागत नाही. एसटीत शेजारी बसलेल्याला ‘गाव कोणतं?’ म्हणून विचारायचं, मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि अमळनेर येईपर्यंत तो कुठल्या ना कुठल्या नात्याने आपला साडू निघालाच पाहिजे. भाईदास नानांचा यात हातखंडा होता. दीपनगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये उभी नोकरी काढून ते निवृत्त झाले, जळगावच्या तापी-पूर्णा कॉलनीत घर बांधलं, आणि तेव्हापासून फाटकाशी येणाऱ्या भाजीवाल्याचीसुद्धा कुळीमुळी काढल्याशिवाय त्यांनी मेथीची जुडी हातात घेतली नाही. त्यामुळे कॉलनीतल्या यंत्रांची ओळख पटवायचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

त्याचं असं झालं की शहर स्मार्ट होणार, मग कॉलनीने काय मागे राहावं, असं कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं हे आता कोणीच कबूल करत नाही. पुण्याच्या एका कंपनीकडून पेटी आली. पेटी वॉचमनच्या खोलीत भिंतीवर बसली आणि बोअरची मोटार, वरच्या टाकीतलं पाणी मोजणारं यंत्र, रस्त्यावरचे दिवे, मोठं लोखंडी फाटक असं सगळं त्या पेटीशी बिनतारी बोलायला लागलं. नानांच्या फोनवर बोट ठेवलं की मोटार सुरू, बोट ठेवलं की फाटक उघडं. नाना पुन्हा एकदा कंट्रोल रूममध्ये बसले. प्रमिलाबाईंच्या भाषेत सांगायचं तर माणूस घरात असून ड्युटीवर गेला.

पेटी बसवायला मेघा नावाची इंजिनिअर मुलगी आली होती. तिने नानांना नीट समजावून सांगितलं. “नाना, हवेतून कुठलंही यंत्र येऊन पेटीला म्हणेल, मी टाकी आहे, मी दिवा आहे. नाव कुणीही सांगतं. प्रत्येक यंत्राला कंपनीने एक गुप्त खूण दिलेली असते. ती खूण जुळली तरच स्वीकारायचं, नाहीतर नाही म्हणायचं.”

नानांनी मान डोलावली. नोकरीत साहेबांपुढे डोलावून डोलावून ती मान आता आपोआप डोलायची.

मग मेघाने दोन विश्वासू माणसांची नावं आणि नंबर मागितले. उद्या काही अडलं आणि पेटीने नानांनाच ओळखलं नाही, तर त्या दोघांच्या फोनवर एकेक आकडा जाईल. ते दोन्ही आकडे घातले की पेटी नानांना पुन्हा मालक मानेल. आता, नानांच्या घरात लग्नपत्रिकेपासून बोअरच्या पूजेपर्यंत कुठल्याही कागदावर पहिलं नाव थोरल्या भावाचं पडतं. नानांनी विचारसुद्धा केला नाही. त्यांनी लिहून दिलं, पुना आबा, मुक्काम धुळ्याजवळ पांझरेकाठी, व्यवसाय शेती. त्याखाली प्रमिलाबाई.

शेजारचे उखर्डूभाऊ तिथेच उभे होते. ते वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, कमिटीचे उपाध्यक्ष. सुरक्षा हा शब्द कानावर पडला की त्यांची छाती आपोआप पुढे येते. “माह्यं घर भिंतीले भिंत लागून,” ते म्हणाले, “अन् विश्वासू माणूस धुळ्याहून आणता? बरं बाप्पा.” ते रुसले. उखर्डूभाऊंचा रुसवा कॉलनीला तसा परवडतो, कारण त्या काळात ते सल्ले देत नाहीत.

पेटी लागली आणि नानांच्या फोनवर पाहुणे यायला लागले. ‘नवीन यंत्र ओळख मागत आहे. स्वीकारायचे का?’ नाना चहा पीत असायचे. दाराशी कुणीतरी आलंय, आणि बिचारं ‘येऊ का’ म्हणून विचारतंय. आता खानदेशी माणूस दारात आलेल्याला नाही कसा म्हणणार? तुम्हीच सांगा. नानांनी स्वीकारलं. पुन्हा टिंग, पुन्हा स्वीकारलं. यात समोरच्या गल्लीतला एक टीव्ही होता, कुणाच्या तरी सुनेचा नवीन पंखा होता, एक वॉशिंग मशीन होतं. आणि ‘टाकी’ असं साधंसुधं नाव सांगणारं एक यंत्र होतं. खूण जुळत नव्हती. फोनने तसं लाल अक्षरात लिहिलंही होतं. पण एवढं सरळ नाव सांगणारं यंत्र खोटं कशाला बोलेल, असं नानांना वाटलं.

ती टाकी होती मागच्या कॉलनीची. ती काठोकाठ भरलेली होती आणि तसं ती पेटीला प्रामाणिकपणे सांगत होती. टाकी भरलीय म्हटल्यावर पेटीने आपली मोटार बंद ठेवली. तिकडे पाणी भरून सांडतंय आणि इकडे तापी-पूर्णा कॉलनी नळाखाली बादली धरून उभी. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागले, फाटक आपल्या मर्जीने उघडमीट करायला लागलं. भिकुबाई नावाच्या कॉलनीतल्या वडीलधाऱ्या अक्का आहेत; त्यांनी फाटकाला लिंबू-मिरची बांधली.

मेघाने फोनवर नानांना सांगत सांगत सगळं निस्तरलं. पण बैठक झालीच. उखर्डूभाऊंचा रुसवा नेमका त्याच दिवशी संपला. “आमच्या फॅक्टरीत साहेबाचा बाप आला तरी पास पाहात,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “इथं तं वॉशिंग मशीनलेबी जावयासारखं घरात घेतलं.”

हे नानांच्या जिव्हारी लागलं. ज्या माणसाने दीपनगरच्या पॅनलवर कधी चुकीचं बटण दाबलं नाही, त्याला भर बैठकीत वॉशिंग मशीनवरून बोलणी खावी लागली. त्या दिवसापासून नाना कडक झाले. सगळ्या पाहुण्या यंत्रांना हाकललं. त्याच झपाट्यात उखर्डूभाऊंच्या फोनवरून फाटक उघडायची सोय होती, तीही काढून टाकली. फाटक हाताने उघडायचं एक चाक होतं. चोराला सोयीचं म्हणून ते काढून कपाटात ठेवायला लावलं, आणि कपाटालाही पेटीचंच कुलूप बसवलं. पासवर्ड कुणी चोरेल म्हणून पासवर्डही बंद. आता पेटी ओळखणार फक्त एकच गोष्ट, भाईदास नानांचा उजवा अंगठा.

“डावा अंगठापण नोंदवून ठेवा,” मेघा म्हणाली होती.

“शुभ कामाला डावा हात पुढे करत नाहीत,” नाना म्हणाले.

“ठीक आहे,” मेघा म्हणाली. पुण्याकडची माणसं कधी कधी असं ‘ठीक आहे’ म्हणतात आणि मग आपल्यालाच काळजी वाटते.

इथे कानबाईचं सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई ही कुळाची देवी बसते आणि सोमवारी तिला निरोप देतात. देवी म्हणजे कुळाचा जुना नारळ; निरोपाला तो पाण्यात सोडत नाहीत, ज्या घरी कानबाई बसायची तिथे वर्षभर जपतात. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, गव्हाचे रोट करतात, आणि हे रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला कण मिळत नाही. नानांच्या कुळाची कानबाई पिढ्यान्‌पिढ्या गावी, पुना आबांच्या घरी बसत आलेली. एकदा तरी ती आपल्या घरी बसावी, हे नानांच्या मनात घर बांधलं तेव्हापासून होतं. शहरात गेलेला भाऊ म्हणजे जरासा बाहेरचा, असं गावाला वाटतं; तोंडावर कोणी म्हणत नाही, पण वाटतं. नानांना ते ठाऊक होतं, आणि खुपत होतं.

या वर्षी आबा कबूल झाले. “एक वरीस देखसूत,” ते म्हणाले. “काही वाकडं व्हयनं तं कानबाई परत गावमा. मंग मांगू नको.”

आबा एकदा ‘मांगू नको’ म्हणाले की विषय संपतो. नानांनी म्हणून कशातच कसर ठेवली नाही. घर रंगवलं, चौरंग आणला, आणि शनिवारी रावेरकडच्या एका मित्राच्या मळ्यातून कानबाईच्या मखराला केळीचे खांब आणले. खांब छाटायला माणूस होता. पण आपल्या देवीचे खांब आपण छाटायचे, म्हणून नानांनी विळा हातात घेतला.

केळीचा चीक ज्याला माहीत आहे तो केळीच्या वाटेला जुने कपडे घालून जातो. नानांनी जुने कपडे घातले होते. अंगठा मात्र घालून गेले तो नवाच. संध्याकाळपर्यंत तो काळाकुट्ट झाला आणि त्यावर खरखरीत साल धरली. रविवारी सकाळी मोटार लावायला त्यांनी फोनवर अंगठा ठेवला. फोन म्हणाला, ‘ओळख पटली नाही.’

नानांनी अंगठा धुतला, पुसला, पुन्हा ठेवला. ओळख पटली नाही.

ही बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही, कारण नळ कोरडे होते. भिकुबाई चुना घेऊन आल्या. चीक चुन्यानेच निघतो, असं म्हणत त्यांनी अंगठ्याला चुना चोळला. पलीकडच्या बिऱ्हाडातून लिंबू आणि राख आली. चुन्यावर लिंबू पडल्यावर नानांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कंट्रोल रूममध्येही कधी निघाला नव्हता. शेवटी उखर्डूभाऊ आले. फाटकाची सोय काढल्यापासूनचा रुसवा होता, पण अडचण दिसल्यावर त्यांच्यातला माणूस गप्प बसत नाही. त्यांनी रॉकेलचा बोळा आणि पॉलिश पेपर आणला होता. “फॅक्टरीत आम्ही याच्यानं काडतुसं चकचकीत करत होतो,” ते म्हणाले.

अंगठा खरंच चकचकीत झाला. चीक गेला, साल गेली, आणि रेघाही गेल्या. जन्मभर सही करणाऱ्या माणसावर अंगठा टेकवायची वेळ आली, आणि नेमका अंगठाच कोरा. नानांनी तो पुन्हा पुन्हा टेकवून पाहिला. शेवटी पेटीची खात्री पटली की कुणीतरी चोर लागोपाठ खोटे अंगठे लावतोय. तिने शिट्टी वाजवली आणि स्वतःला मिटून घेतलं. मोटार बंद, कपाट बंद, फाटक बंद. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, त्यात अंगठ्याचाही समावेश होतो हे कॉलनीला तेव्हा कळलं.

नानांनी पुण्याला फोन लावला.

“पेटीने बरोबर केलं, नाना,” मेघा म्हणाली.

“बरोबर? अगं, माझ्याच फाटकात मी कोंडलोय!”

“मी इथून उघडू शकले असते तर कुणीही इथून उघडू शकलं असतं. म्हणून ती सोयच ठेवलेली नाही. पण तुमची दोन विश्वासू माणसं आहेत ना? मी पेटीला त्यांच्या फोनवर आकडे पाठवायला लावते. मात्र ते आकडे त्यांनी स्वतः, तुमची खात्री करून, तुम्हालाच द्यायचे. कुणाची नावं दिली होती तुम्ही?”

नानांनी ती नावं सांगितली आणि ते स्वयंपाकघराकडे निघाले.

प्रमिलाबाई पुरणाच्या पातेल्यापाशी होत्या. हाताला हरभऱ्याची डाळ, डोळ्यांत धूर. त्यांनी कोपराने फोन पुढे ढकलला. “घ्या मना आकडा,” त्या म्हणाल्या. “अंगठा तुमना, आन घसी राह्यनी बठ्ठी सारी कॉलनी. पानी आना आते. पातेलं तळाले लागी राह्यनं.”

एक आकडा मिळाला. दुसरा आकडा त्या वेळी पारोळ्याच्या अलीकडे, एका क्रूझर गाडीत, पुना आबांच्या बंडीच्या खिशात होता. नानांनी फोन लावून पाहिला. आबा गाडीत फोन उचलत नाहीत. मांडीवर कानबाईचा नारळ असताना तर नाहीच नाही.

भर दुपारी गाड्या फाटकाशी येऊन थांबल्या. पहिल्या गाडीतून आबा उतरले. धोतर, टोपी, आणि दोन्ही हातांत नव्या खणात गुंडाळलेला नारळ. मागून भावजया, पुतणे, लेकरं, परडी, पाट. त्यांच्या मागे पाण्याचा टँकर. तो उखर्डूभाऊंनी बोलावला होता आणि आता तो आत येता येत नाही म्हणून भोंगा वाजवत होता. फाटकाच्या गजांपलीकडे नाना उभे होते. हाताला फडकं गुंडाळलेलं, अंगाला रॉकेलचा वास.

“फाटक काबर बंद शे?” आबांनी विचारलं.

नानांनी सगळं सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. पेटी, अंगठा, चीक, पॉलिश पेपर. आबा ऐकत होते. उखर्डूभाऊंनी मध्येच फाटकाच्या बाजूची लहान खिडकी उघडून दाखवली. माणसं वाकून त्यातून येऊ शकत होती.

“कानबाई वाकीसन येवाव नही,” आबा म्हणाले.

ते बरोबरच होतं. देवीला खिडकीतून आत घ्यायचं म्हणजे काय?  नानांना आबांचं वाक्य आठवलं, ‘काही वाकडं व्हयनं तं’. इथे तर वाकण्यावरच गाडी अडली होती. आता आबा मागे वळणार, गाड्या वळणार, आणि कानबाई परत पांझरेकाठी जाणार, कायमची. नानांनी गज धरले.

“आबा,” ते म्हणाले, “तुमना फोनवर एक आकडा येल शे. तो माले सांगा. मंग फाटक उघडस.”

आबांनी नारळ थोरल्या सुनेच्या हातात दिला, खिशातून बटणांचा फोन काढला, लांब धरून पाहिला आणि परत खिशात ठेवला.

“सांगाव नही,” ते म्हणाले.

“काबर?”

“बँकना साहेब गावमा उनता. बठ्ठासले बसाडीसन सांगं त्यानी. आकडा कोनलेच देवाना नही. सख्खा भाऊनी मांगा तरी देवाना नही.”

“पन आबा, मी समोर उभा शे.”

“तोंडनं काय सांगस?” आबा म्हणाले. “तोंड तं कोनी बी लई येस. फाटक लायेल, अंगठा घासेल, अंगले रॉकेलना वास. मना भाऊ आसा नव्हता.”

टँकरवाल्याने भोंगा वाजवणं थांबवलं आणि तो खाली उतरून ऐकायला आला. नानांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. भर कॉलनीसमोर, भाऊबंदांसमोर, सख्खा भाऊ ओळख मागत होता. पण दुसरीकडे त्यांच्यातला कंट्रोल रूमचा माणूस जागा झाला होता आणि तो म्हणत होता की आबांचं चुकत कुठे आहे? नाव कुणीही सांगतं, हेच तर मेघा सांगत होती. ते कॉलनीत फक्त आबांनाच समजलं होतं, आणि आबा तर कॉलनीत अजून आलेही नव्हते.

“मंग इचारा,” नाना म्हणाले. “काय इचारनं ते इचारा.”

आबा गजांजवळ आले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “तू दीपनगरले नोकरीले निंघना, त्या साले मायनी कानबाईपुढे काय मांगं व्हतं?”

 ती गोष्ट नाना आजवर कुणाशी बोलले नव्हते, प्रमिलाबाईंशीही नाही. माय देव्हाऱ्यापुढे एकटी बसली होती. दाराआड दोघे भाऊ उभे होते. आपल्याला बढती मागेल, पगार मागेल असं त्या वेळच्या भाईदासला वाटलं होतं.

“माय म्हने,” नाना सांगायला लागले. “माय म्हने, कानबाई, मना धाकला दूर जाई राह्यना. पगार कितला बी भेटो. पन दर साले रोट खावाले त्याले घर आन.”

 मायचं मागणं कानबाईने पुरवलं होतं हे दोघांनाही माहीत होतं. ड्युट्या बदलून, साहेबांच्या शिव्या खाऊन, चाळीसगावला गाडी बदलून नाना दर श्रावणात गावी पोचले होते. एक श्रावण चुकला नव्हता. नानांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, आणि रॉकेल डोळ्यांत गेल्यामुळे ते आणखी वाहायला लागले.

“मना भाऊच शे,” आबा मागे वळून सगळ्यांना म्हणाले. मग त्यांनी फोन काढला. “आते बठ्ठासनी पाठ फिरावा.”

आणि सगळ्यांनी पाठ फिरवली. पुतण्यांनी फिरवली, भिकुबाईंनी फिरवली, टँकरवाल्याने फिरवली. उखर्डूभाऊ तर फॅक्टरीतल्यासारखे टाचा जुळवून वळले. आबांनी गजांमधून तोंड घालून नानांच्या कानात एकेक आकडा सांगितला. ऐकू कमी येत असल्यामुळे आबांची कुजबुज मागच्या कॉलनीपर्यंत गेली, पण मागे वळून कुणी पाहिलं नाही.

नानांनी दोन्ही आकडे घातले. पेटीने जरा विचार केला. मग फाटक गुरगुरलं आणि आस्ते आस्ते उघडलं. तिकडे बोअरची मोटार घरघरली. प्रमिलाबाईंच्या स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला आणि सगळ्या कॉलनीने सुटकेचा श्वास टाकला. नानांच्या अंगातून तर मणाचं ओझं उतरलं. त्यांनी कानबाईच्या वाटेवर पाण्याचा तांब्या ओतला, तो पुन्हा भरला आणि पुन्हा ओतला. टँकरवाला रिकाम्या हाताने परत गेला. म्हणजे भरल्या टँकरने.

कानबाई बसली. पुरण थोडं खाली लागलं होतं, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. संध्याकाळी उखर्डूभाऊ दर्शनाला आले. नानांनी त्यांना पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली, आणि म्हणाले, “उखर्डूभाऊ, विश्वासू माणसांत तिसरं नाव तुमचं टाकलंय.” उखर्डूभाऊंची छाती पुन्हा पुढे आली. त्यांची नजर रोटांच्या परडीकडे गेली, तशी नानांनी परडी हळूच मागे सारली. विश्वास वेगळा आणि रोट वेगळा, हे उखर्डूभाऊंनाही पटलं.

सोमवारी मेहरूणच्या तलावावर कानबाईला निरोप दिला आणि पाहुणे निघाले. आबा गाडीत बसले, खणात गुंडाळलेला कुळाचा जुना नारळ पुन्हा मांडीवर. इतक्यात नानांचा फोन वाजला. ‘नवीन यंत्र ओळख मागत आहे. नाव: दिवा. स्वीकारायचे का?’

सवयीने नानांचा डावा अंगठा पुढे गेला. आता तोच नोंदवला होता. मग त्यांना आबा बघताहेत असं जाणवलं. त्यांनी चष्मा लावला आणि खूण तपासली. जुळत नव्हती. नानांना जरा वाईट वाटलं, दारात आलेलं कुणी परत पाठवायचं म्हणजे वाटतंच. त्यांनी ‘नाही’ दाबलं.

“कोन व्हतं?” आबांनी विचारलं.

“माहीत नही. कुळ सांगता येत नव्हतं त्याले.”

आबांनी मान डोलावली. मग त्यांनी मांडीवरचा नारळ उचलला, गाडीच्या खिडकीतून बाहेर काढला आणि नानांच्या हातात दिला.

“कानबाई आठेच, तुना घर राहू दे,” ते म्हणाले. “पुढला साले रोट खावाले मी इसू. तवय फाटक उघडं ठेव.”